भांडगावच्या माळावर हस्की

मे महिन्यात लोक पाचगणीला येतात. मी मे महिन्यात पाचगणीहून शिरूर तालुक्यातल्या कारेगावला गेले. माझ्या पिशव्या बघून शेजारच्या बाईंनी विचारलं, "बरं वाटत नाही का?" म्हटलं, बरं वाटतंय हो, पण भाच्याचा रोज फोन येतोय. रोज येणाऱ्या फोनपुढे माणसाचं काही चालत नाही.

पाचगणीतल्या एका बोर्डिंग शाळेत मी मेट्रन होते. दुसऱ्यांच्या पोरांचे ताप, खोकले, उवा आणि ओल्या गाद्या निस्तरण्यात माझी नोकरी गेली. निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात असतानाच मी ठरवून टाकलं होतं की आता कुणाचं खाणंपिणं आणि शी-शू माझ्याकडे नको. त्यामुळे "आत्या, चार दिवस ये ना, आराम कर" या संदीपच्या गोड बोलण्यामागे काही तरी असणार हे मला तेव्हाच ओळखता यायला हवं होतं. कारेगावात मे महिन्यात आराम करायला कोण कुणाला बोलावतं?

कारेगाव

संदीप माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लाईनवर आहे. त्याची बायको वर्षा दुसऱ्या कारखान्यात पॅकिंगला. दोघं शेजारच्या कारेगावात भाड्याने राहतात. कारेगाव हे नाव ऐकून तुमच्या डोळ्यासमोर पार आणि पिंपळ येत असेल तर ते विसरा. इथे एकाला एक लागून खोल्यांच्या चाळी आहेत, गॅलरीत निळे-करडे युनिफॉर्म वाळत घातलेले असतात, आणि कोपऱ्यावरच्या टपरीत वडापावच्या शेजारी बिहारी लिट्टी मिळते. मी ती खाल्ली. चांगली असते, फक्त पाणी जवळ ठेवा.

रिक्षातून उतरले तेव्हा तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटलं. घरात शिरले तर आतल्या खोलीच्या दाराखालून गार हवा येत होती. "अगंबाई, एसी घेतलास?" मी कौतुकाने विचारलं.

"घेतला ना. कुणासाठी ते बघ," संदीप म्हणाला आणि त्याने दार उघडलं.

आत फरशीवर एक कुत्रा पसरला होता. कुत्रा कसला, उसवलेली गादीच. काळ्या-पांढऱ्या केसांचं ते ढीगभर गाठोडं, त्यात दोन निळे डोळे. त्याने माझ्याकडे बघितलं, एकदा शेपूट आपटली आणि पुन्हा डोकं फरशीला टेकलं.

"हा ब्रुनो. हस्की आहे," वर्षा म्हणाली. "तिकडं बर्फात गाड्या ओढतात ना, ते."

कारखान्यातले एक मोठे साहेब उत्तरेकडचे होते. त्यांनी हा हौसेने आणलेला. त्यांची बदली झाली तेव्हा ते संदीपला म्हणाले, "भाई, चार दिन रख ले, मैं गाडी भेजता हूँ." त्याला आता दोन वर्षं झाली. गाडी आली नाही आणि साहेबांचा फोनही लागेनासा झाला.

तेव्हापासून या घराचं वेळापत्रक कुत्र्याच्या तब्येतीवर चालतं. एकाची पहिली शिफ्ट असली तर दुसऱ्याने दुसरी मागून घ्यायची, म्हणजे ब्रुनो एकटा पडत नाही. उजाडायच्या आत त्याला चाळीच्या टोकापर्यंत न्यायचं आणि आणायचं. लाईट गेली की रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणून टबात टाकायची आणि वर त्याला बसवायचं. चादरी भिजवून खिडकीला लावायच्या. मला त्या रात्री त्याच खोलीत गादी मिळाली. खोटं कशाला बोलू, गोधडी ओढून अशी झोप लागली की वाटलं मी पाचगणीतच आहे.

पण खरी गोष्ट त्याआधी जेवताना बाहेर आली होती. बाजरीची भाकरी आणि मासवडी होती. पाहुणचार जरा जास्तच चालला होता, तेव्हाच मी घास हातात धरून थांबले. संदीपने सांगितलं की मागच्या आठवड्यात लाईट गेली ती दुपारभर आलीच नाही. ब्रुनोची जीभ जांभळी पडली, पाय ताठ झाले आणि तो पडला. वर्षाने त्याला ओल्या साडीत गुंडाळून शिरूरच्या डॉक्टरांकडे नेला, सलाईनवर वाचवला. डॉक्टर म्हणाले, अशी आणखी एक दुपार झाली तर मला आणून दाखवू नका.

"म्हणून म्हणतो आत्या," संदीप म्हणाला, "याला तू पाचगणीला ने."

"मी कुत्र्यांचं बोर्डिंग काढलंय का?" मी म्हटलं. "माझं वय काय, त्याचं वजन काय. तो मला ओढत थेट वाईला घेऊन जाईल."

वर्षा भाकरी मोडत बसली होती. मग हळूच म्हणाली, "मी कुठं म्हटलं न्या म्हणून? माझ्याशिवाय तो जेवतसुद्धा नाही. हे बघतील काही तरी, मी बघीन काही तरी." त्या घरात नवरा-बायकोचं भांडण कशावरून चालू आहे ते मला तिथेच समजलं. संदीपला कुत्रा वाचवायचा होता आणि वर्षाला तो सोडायचा नव्हता. दोघांचंही बरोबर होतं आणि दोघंही माझ्याकडे बघत होते.

मी खाली मान घालून मासवडी संपवली.

निमोणे

दुसऱ्या दिवशी संदीपने एक बेत काढला. निमोण्याला वर्षाचं माहेर आहे. तिथे ऊस, पाटाचं पाणी, विहिरीजवळ चिंचेची सावली. कुत्रा तिथे राहू शकतो का बघू, आणि नाही जमलं तर तसंच पुढे भांडगावला जाऊ. भांडगावला संदीपच्या लाईनवरच्या एका मित्राचं शेत आहे आणि सध्या तिथे मेंढ्या बसल्या आहेत. मेंढपाळाला राखणीला कुत्रा हवा होता. शिफ्ट बदलून दोघांनी सुट्टी जुळवली. सेकंडहँड गाडीच्या मागच्या सीटवर वर्षा, तिच्या मांडीवर ब्रुनोचं डोकं, पायाशी बर्फाचा डबा, आणि पुढे मी. गाडीचा एसी घाम गाळत होता, पण चालत होता.

वर्षाचे वडील, आप्पा, अंगणात उभेच होते. "जयभीम ताई, या बसा," म्हणाले आणि लगेच ताकाचा तांब्या पुढे केला. त्यांचा स्वभाव मला आवडला. ते फार विचारत नाहीत. ब्रुनोकडे बघून मात्र त्यांनी डोक्यावरची टोपी मागे सारली.

"पोरी, ह्येला हितं ठिवायचा व्हय? आगं, आमची दोन कुत्री बिबट्यानं न्हेली गेल्या पावसाळ्यापसनं. ह्यो तर लांबनं दिसतोय. निम्मा पांढराफेक."

बिबट्या म्हणजे डोंगरातलं जनावर अशी माझी समजूत होती. आमच्याकडे तो दिसला तरी दरीत, झाडावर. इथे तो उसात राहतो. उसातच जन्मतो, उसातच वाढतो, आणि ऊस तुटला की बिचकून दुसऱ्या उसात जातो. आप्पांचं म्हणणं, या बिबट्याला डोंगरावर नेऊन सोडला तर त्याला झाडावर चढायचं सुधरायचं नाही. ते खरं की खोटं मला माहीत नाही, पण आप्पा तोंडावरची माशी हलू न देता सांगत होते. गावानेही आपल्या सवयी बदलल्या आहेत. उसाला पाणी द्यायला जाताना मोबाईलवर मोठ्याने गाणी लावतात, आणि शेतात खाली वाकून काम करणाऱ्या बायका मध्येच उभ्या राहून आजूबाजूला बघून घेतात. एका जनावराने सगळ्या तालुक्याची बसण्या-उठण्याची पद्धत बदलून टाकली आहे.

तेव्हा निमोणे बाद झालं. आम्ही कुळथाचे शेंगुळे खाल्ले, आप्पांनी वर्षाच्या हातात लोणच्याची बरणी दिली आणि आम्ही निघालो. गाडीत बसल्यावर वर्षा मला म्हणाली, "बरंच झालं." तिच्या आवाजात आनंद होता आणि तो तिने लपवलाही नाही.

भीमेपलीकडे

न्हावऱ्यावरून पारगावला भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. नदीकाठी ऊस आणि गुऱ्हाळांची धुराडी. एका गुऱ्हाळावर आम्ही थांबलो. तिथली माणसं सगळी उत्तर प्रदेशातली. रस उकळणाऱ्या काहिलीजवळच्या बाबाने ब्रुनोला बघितलं आणि विचारलं, "ये भेड़िया है क्या, मैडम?" मी म्हटलं, नाही बाबा, हा पाहुणा आहे. त्याने गरम गुळाचा खडा पानावर दिला. तोंडात विरघळणारा तसला गूळ आमच्याकडे स्वप्नातसुद्धा मिळत नाही. मी दोनदा मागून घेतला आणि ओठ भाजून घेतले.

चौफुल्याहून हायवेला लागलो आणि भांडगाव आलं. हायवेच्या एका अंगाला ऊस आणि कांदा, दुसऱ्या अंगाला चढत गेलेला माळ. पिवळं गवत, खडक, मधूनच एखादी बोर नाही तर बाभूळ. पहिल्या नजरेला वाटतं, इथे काय आहे? मलाही तसंच वाटलं.

भांडगाव

ऊन कलल्यावर शेतावर पोहोचलो. बांधालगत वाघर लावली होती, म्हणजे जाळीचं कुंपण. पीक निघालं की शेतकरी मेंढपाळाला बोलावतो, मेंढ्या शेतात बसवतो, त्यांची लेंडी पडते आणि शेताला खत मिळतं. मेंढपाळाचं नाव धोंडीबा. सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांची बायको सखूमावशी. मावशींनी शेळीच्या दुधाचा चहा केला. त्या चहाला जरा वास असतो. दुसऱ्या कपाला तो जाणवत नाही.

आबांच्या मेंढ्या काळ्या, काटक, उंच पायांच्या. कान मात्र लांब, पानासारखे लोंबते. आम्ही ब्रुनोला गाडीतून उतरवला आणि सगळा कळप एका क्षणात गोळा होऊन पलीकडच्या जाळीला भिडला. आबांचा कुत्रा भुंकायला लागला. तो एवढा सडसडीत होता की त्याच्या बरगड्या मोजता आल्या असत्या, आणि अंगावर केस असून नसल्यासारखे.

आबा ब्रुनोभोवती फिरले. त्याची मान चाचपली, पंजा उचलून बघितला. "गुणी हाय," म्हणाले. "पण पोरा, ह्यो मेंढ्या राखंल का मेंढ्यांनी ह्येला राखायचा?"

"लांडगा आला तर हा घाबरवेल ना, आबा," संदीप म्हणाला.

"लांडगा येतोच की. पण ह्येला बघून त्यो हासंल." आबा स्वतःच हसले. मग म्हणाले, "सकाळी चला माझ्यासंगं. दावतो तुमास्नी."

रात्री मित्राच्या शेतघरात झोपलो आणि झुंजुमुंजू झाल्यावर आबांच्या मागून माळावर चढलो. ब्रुनोही होता, वर्षाच्या हाताला पट्टा. त्या वेळेला हवा गार असते, एवढी की मी शाल घेतली. आबांनी एका खडकाआड बसायला सांगितलं आणि बोलू नका म्हणून बजावलं. मी मेट्रन असल्यामुळे मला दुसऱ्याने गप्प बसवायची सवय नाही, पण बसले.

आधी चिंकारा जातीच्या हरिणी दिसल्या. मातीचा रंग हलला म्हणून कळलं, नाही तर समोर होत्या तरी दिसल्या नसत्या. आबा कानाशी म्हणाले, "पाणी पीत न्हाईत ह्या फारसं. पाल्यात वल आसंल तेवढी बास." मग एक खोकड आलं, मांजराएवढं, झुपकेदार शेपटीचं, आणि तोंडाच्या मानाने कान केवढे मोठे.

आणि मग लांडगा. लांडगा म्हटलं की मला जाड मानेचा, केसाळ, दात दाखवणारा प्राणी आठवायचा. हा आमच्या शाळेतल्या ड्रिल मास्तरसारखा होता: लांब पाय, पोट आत गेलेलं, अंगावर विरळ पिवळट केस, आणि चालण्यात कुठेही घाई नाही. तो थांबला. त्याने आमच्याकडे बघितलं, ब्रुनोकडे जरा जास्त वेळ बघितलं, आणि गवतात निघून गेला. ब्रुनो नुसता बसून होता.

मी तिथे बसल्या बसल्या घरची आठवण काढत होते. आमच्याकडे महाबळेश्वरच्या झाडीत शेकरू असतं, गडद तांबूस, आणि शेपूट अंगापेक्षा लांब. झाडावरून झाडावर जाताना तोल सांभाळायला ती लागते. तिथलं सगळं गर्द आणि भरलेलं. इथलं सगळं फिकट आणि सडपातळ. मेंढी असो, लांडगा असो नाही तर कुत्रा, पाय लांब, अंग हलकं आणि कान मोठे. वर्षाने ते माझ्याआधी पकडलं.

"आत्या, सगळ्यांचे कान बघितले का?" ती कुजबुजली. "आबा म्हणतात, कानातनं उष्णता जाते. याचे बघा." तिने ब्रुनोचा कान हातात धरला. तो आखूड होता, जाड होता, आणि आतूनसुद्धा केसांनी भरलेला. "वारा आत जाऊ नये म्हणून केलेला कान आहे हा." ती तो कान बराच वेळ हातात धरून बसली. मला तिची दया आली. आमच्या शाळेत आखातातून आलेली पोरं जूनमध्ये दोन स्वेटर घालून झोपायची आणि दार्जिलिंगकडची पोरं खिडकी उघडी टाकायची. दिवाळीपर्यंत सगळी एका पांघरुणावर यायची. माणसाचं बरं असतं, त्याला स्वेटर काढता येतो.

आणि हाच स्वेटर काढायचा विचार पुढे आम्हाला नडला.

कातरणी

माळावरून खाली आलो तर वाघरीजवळ कातरणी चालू झाली होती. पावसाळ्याच्या आधी मेंढ्यांची लोकर उतरवतात. शेजारच्या कळपातले दोघं मदतीला आले होते. मेंढीचे पाय बांधायचे, आडवी करायची, आणि मोठ्या कातरीने पाठीवरून सरसर लोकर काढायची. मेंढी उठते तेव्हा निम्मी झालेली असते आणि जरा लाजल्यासारखी पळते. सखूमावशींनी चुलीवर मोठं पातेलं चढवलं होतं. कातरणीच्या दिवशी आलेल्याला जेवल्याशिवाय त्या हलू देत नाहीत.

सूर्य वर आला आणि ब्रुनो धापा टाकायला लागला. मावशी त्याच्याजवळ येऊन बसल्या. "आगं लेकरा, किती ती लोकर. म्हनून जीव कासावीस हुतोय. आमच्या मेंढीचं बी आसंच हुतं. काढून टाकू की, काय त्यात."

आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. इतकी साधी गोष्ट दोन वर्षांत कुणाला सुचली कशी नाही? संदीपचा चेहरा तर उजळलाच. लोकर निघाली की कुत्रा गार, कुत्रा गार की प्रश्न मिटला, कुठे न्यायला नको आणि भांडायला नको.

"मोबाईलवर वाचलंय मी," वर्षा म्हणाली. "यांचे केस कापायचे नसतात."

"मोबाईलवर काय, काहीही लिहितात," संदीप म्हणाला.

मीही त्याचीच री ओढली. शेकडो पोरांची डोकी मी उन्हाळ्यात भादरली होती, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. "कापू दे गं," म्हटलं, "हलकं वाटेल त्याला."

ब्रुनोने पाय बांधू दिले नाहीत, पण मावशींच्या मांडीवर मान टाकून तो आडवा झाला. आबांनी कातर चालवली. लोकर निघेना. वरचे केस लांब आणि राठ, खाली घोंगडीसारखा दाट थर. आबा म्हणाले, "ह्येला दोन कातडी हायेत जणू." तरी ते माणूस चिकाटीचं. हळूहळू डावी बाजू खांद्यापासून मांडीपर्यंत मोकळी झाली आणि आतून गुलाबी कातडं निघालं, बाळाच्या अंगासारखं.

वारा लागला तेव्हा ब्रुनोला बरं वाटलं असावं. पण ऊन सरकलं आणि थेट त्या कातड्यावर आलं. तो तडफडून उठला, गाडीच्या खाली शिरला आणि कण्हायला लागला. आम्ही वाकून बघितलं तर गुलाबी कातडं लाल होत चाललं होतं. मावशींनी पळत जाऊन लुगडं भिजवून आणलं. "मी काय केलं हे," असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. आबांच्या हातात कातर तशीच होती. वर्षा जमिनीवर पालथी पडून गाडीखाली हात घालत होती. तिने वाचलेलं खरं निघालं होतं. जेवण पातेल्यातच राहिलं.

केडगाव

केडगावला जनावरांच्या एक डॉक्टरीण आहेत. वयाने लहान, आणि त्यांचा सगळा दिवस संकरित गायींत जातो. अर्धा कातरलेला हस्की बघून त्यांना हसू आवरलं नाही. मग त्यांनी अंगावर हात फिरवला आणि हसू गेलं.

मलम लावता लावता त्यांनी समजावून सांगितलं. मेंढीची लोकर माणसाने पिढ्यान् पिढ्या निवडून वाढवलेली, ती थांबत नाही, म्हणून कापावी लागते. याची लोकर याची स्वतःची. उन्हाळ्यात खालचा थर आपोआप गळतो आणि वरचे केस ऊन अडवतात. "तुम्ही घराचं छप्पर काढलंत, गारवा यावा म्हणून."

"मग छप्पर असताना हा पडला कसा?" मी विचारलं. हार मानायची मला सवय नाही.

"छप्पर असलं म्हणून भट्टीत राहता येतं का, मावशी? याला घाम येत नाही. जिभेवाटे जेवढी उष्णता जाईल तेवढीच. बाहेरची हवाच अंगापेक्षा गरम असली तर ती जाणार कुठे? आता तर निम्मं अंग उघडं आहे. केस यायला कित्येक महिने लागतील. हा उन्हाळा याला इथे काढता येणार नाही." सुती कपडा घालून ठेवा, उन्हात अजिबात नेऊ नका, असं सांगून त्या पुढच्या गायीकडे गेल्या.

संदीपने गाडीतून त्याचा कारखान्याचा जुना टी-शर्ट आणला. ब्रुनोचे पुढचे पाय बाह्यांतून घातले. छातीवर कंपनीची खूण आली. इतर कुठल्याही दिवशी आम्ही पोट धरून हसलो असतो.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. पारगावचा पूल मागे पडला तेव्हा मागून वर्षाचा आवाज आला.

"आत्या, तुम्ही न्याल का त्याला?"

संदीपने विचारलं होतं तेव्हा नाही म्हणायला मला अर्धा क्षण लागला नव्हता. ही बाई मागत होती ते वेगळं होतं. तिला तो नेऊ नये असंच वाटत होतं, आणि तरी ती मागत होती. मी मागे न वळता म्हटलं, "नेते. पण पावसाळ्यात चार महिने त्याला कोरडा करत बसायचा म्हणजे माझी हाडं जाणार आहेत, हे आत्ताच सांगून ठेवते."

"मी सुट्टीला येत जाईन."

"ये. आणि तुझ्या हातची मासवडी आण."

टेबललँड

दुसऱ्या दिवशी अंधारातच निघालो. ऊन चढायच्या आत वाई गाठायची होती. पसरणीच्या घाटात संदीपने एसी बंद केला आणि काचा खाली केल्या. गार हवा आत आली तसा ब्रुनो वर्षाच्या मांडीवरून उठला आणि त्याने नाक खिडकीबाहेर काढलं. घरी जायच्या आधी टेबललँडवर थांबू, असं मीच म्हटलं. नोकरीत मी एक गोष्ट पाळत आले: मुलाला सोडायला आलेल्या आईला गेटात रेंगाळू द्यायचं नाही. पाच मिनिटांत निरोप, आणि जा. हातात सुटकेस धरून मान फिरवणाऱ्या कितीतरी बायांना मी अशी वाटेला लावली आहे. वर्षाला तसं म्हणायला माझी जीभ उचलेना.

पठारावर धुकं होतं आणि चिटपाखरू नव्हतं. वर्षाने पट्ट्याची कडी काढली. ब्रुनो दोन पावलं चालला. थांबला. त्याने हवेत नाक केलं. आणि मग सुटला.

कारखान्याचा निळा टी-शर्ट घातलेला, एका अंगाने बोडका असा तो कुत्रा त्या पठारावर असा काही सुटला की आम्ही तिघं बघतच राहिलो. कान मागे, पोट जमिनीला टेकल्यागत, पार कड्याच्या अलीकडच्या टेकाडापर्यंत गेला, वळला, पुन्हा दुसरीकडे. एकदाही त्याने मागे वळून वर्षाकडे बघितलं नाही. मला तिच्याकडे बघवेना. म्हटलं, आता ही रडणार, आणि हिला काय सांगावं?

ती रडतच होती. पण हसतही होती.

"आत्या," ती म्हणाली, "दोन वर्षं झाली. याला पळता येतं, हे मला माहीतच नव्हतं."